एक माणूस कमी

ज्या दुपारी ती गेली, त्या दुपारी तो एका अकरा मजली इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा होता. कपाळाला दिवा, हातात ग्रीसचा डबा, आणि पायाखाली आठव्या-नवव्या मजल्यांच्या मधे थांबवून ठेवलेली केबिन. फोन खाली पिशवीत होता. टपावर असताना फोन घ्यायचा नाही हा नियम कंपनीचा नव्हता, त्याचा स्वतःचा होता. नव्या माणसांना शिकवताना तो म्हणायचा, "फोनवरचं माणूस थांबतं, दोर थांबत नाही." पिशवीतला फोन वाजतोय हे त्याला ऐकू आलं होतं. त्याला वाटलं हिचाच असेल, येताना काय आणायचं ते सांगत असेल. त्याने रुळांना ग्रीस लावलं, चाकं पुसली, केबिन तीनदा वरखाली करून पाहिली, वर मशीनरूममध्ये जाऊन मुख्य स्विचवर टांगलेला आपला पितळी बिल्ला काढून खिशात टाकला आणि मग फोन पाहिला. सात वेळा येऊन गेला होता. नंबर अनोळखी. त्याने उलट लावला तर एका बाईने विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?" तो म्हणाला, "कुठल्या पेशंटचा?" तिने त्याच्या बायकोचं नाव घेतलं. "नवरा," तो म्हणाला. मग ती बाई थोडा वेळ गप्प राहिली, आणि तेवढ्या वेळात त्याला कळलं. पुढे ती जे बोलली ते सगळं त्याने नीट ऐकलं, कुठल्या दाराने आत यायचं तेही ऐकलं, पण कळायचं ते आधीच कळून गेलं होतं.

त्यानंतर त्याला कोणाला काही सांगावंच लागलं नाही. मूलबाळ नव्हतं. तिच्या ताईचा मुलगा, बंदरावर कामाला असलेला भाचा, त्याच रात्रीची गाडी पकडून आला आणि त्यानेच सगळीकडे फोन केले. शेजारच्यांना आधीच माहीत होतं, कारण दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं. कंपनीत मुकादमाला कोणीतरी कळवलं. जो जो दारात आला तो माहीत असलेला चेहरा घेऊनच आला. लोक त्याचा हात धरायचे, मान हलवायचे, तोही हलवायचा. काय झालं हे त्याने स्वतःच्या तोंडाने एकदाही म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं नव्हतं हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. ते लक्षात आलं ताईमुळे. ताई म्हणजे तिची मोठी बहीण, तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली म्हणून हिची वेणी घालण्यापासून हिचं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं तिनेच केलेलं. ज्या आठवड्यात ही गेली त्याच आठवड्यात ताईच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. डॉक्टर म्हणाले, सध्या काही सांगू नका. न सांगता दोन महिने गेले. ताई घरी आली, चालायला लागली, आणि तिचे फोन सुरू झाले. "कुठे आहे ती? द्या तिला." तो म्हणायचा, झोपली आहे. म्हणायचा, बाहेर गेली आहे. एकदा म्हणाला, घसा बसलाय. ताई हसून म्हणाली, "घसा बसलाय? तिचा? मग सध्या तुमच्या घरात शांतता नांदत असेल, भाऊजी!" आणि तो हसला होता. खरोखर हसला होता, फोन ठेवल्यावरसुद्धा थोडा वेळ. मग गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. डॉक्टर म्हणतात आता सांगायला हरकत नाही. "पण काका, आईला तुम्हीच सांगा. मला नाही जमणार. तुम्ही सांगा आणि मला फोन करा, मी बंदरावरून दहा मिनिटांत पोचतो."

ताईच्या गावी जायला रोज तीन बस होत्या. त्यातली एकही त्याने घेतली नाही. बसस्टँडच्या समोरच्या भिंतीवर एक पाटी होती, किनाऱ्यावरची ऐतिहासिक स्थळं, एका दिवसात, त्यात दीपगृह, जुनं बंदर आणि समुद्रातला किल्ला. मधे ताईच्या गावात चहापाण्याला पन्नास मिनिटं. ती पन्नास मिनिटं त्याला बरी वाटली. पन्नास मिनिटांनी गाडी सुटणार म्हणजे सुटणार. सांगून झालं की उठायला कारण राहील. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "किती?" आणि तो म्हणाला, "दोन." घरी येऊन खिशातून तिकिटं काढली तेव्हा त्याने ती टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. सतरा आणि अठरा. परत करायला जायचं तर का परत करताय हे सांगावं लागणार होतं. ती तशीच राहिली.

सकाळी गाडीच्या दारात गाईड उभी होती. तिशीतली, गळ्यात शिट्टी, आवाज रोज ओरडून ओरडून जाड झालेला. मागे रांग ढकलत होती. त्याने दोन्ही तिकिटं पुढे केली, तिने ती न बघताच फाडली आणि कागदावर दोन खुणा केल्या. तो सतरावर बसला. खिडकीची जागा अठरा, ती मोकळी. एकतीस वर्षं खिडकी तिचीच होती, आणि खिडकीजवळ बसून ती बाहेर कधी बघायची नाही, झोपायची. निघताना गाईड ओरडली, "आपापलं माणूस आहे का बघा! कोणी राहिलं तर मी जबाबदार नाही!" सगळी गाडी एका सुरात म्हणाली, "आहे!" त्यात त्याचाही आवाज होता. तो आवाज त्याने ऐकला आणि आजूबाजूला पाहिलं. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. पुढच्या बाकावर गुडघ्याला पट्टा बांधलेली एक बाई होती. तिचा नवरा तिला म्हणत होता, "आहेस ना गं? बघ हं, नसलीस तर आत्ताच सांग, मी पाय पसरतो."

दीपगृहाला एकशे अडुसष्ट पायऱ्या होत्या. गोल गोल वर जाणाऱ्या पायऱ्यांच्या मधोमध एक पोकळ नळा खालपर्यंत गेलेला. त्यात पूर्वी साखळीला एक वजन टांगलेलं असायचं, ते हळूहळू खाली उतरायचं आणि त्याच्या ओढीने वरचा दिवा फिरायचा. गाईड म्हणाली, दर तासाला ते वजन पुन्हा वर ओढून घ्यावं लागे. गाडीत एक निवृत्त मास्तर होते, ते म्हणाले, "तास नाही, बाई. चाळीस मिनिटं. मी वाचलंय." गाईड म्हणाली, "मास्तर, तुम्ही वाचलंय, मी रोज चढते." लोक हसले. तो कठड्यावरून त्या नळ्यात वाकून बघत राहिला. ही जागा त्याच्या ओळखीची होती. कोरडा अंधार, तेलाचा जुना वास, खालून येणारा थोडासा वारा. शाफ्ट, म्हणजे लिफ्टची उभी पोकळी, कुठलाही असो, आतला वारा सारखाच असतो, तो खालून वर येतो आणि त्यात सगळ्या मजल्यांचे आवाज मिसळलेले असतात. कोणाचं तरी बोलणं, भांड्याचा आवाज, दार लागल्याचा. पहिल्या वर्षी त्याला शाफ्टमध्ये भीती वाटायची. त्याच्या उस्तादाने त्याला बिल्ल्याचा नियम तेव्हाच शिकवला. आत उतरणाऱ्या प्रत्येकाने आपला बिल्ला मुख्य स्विचवर टांगायचा, बाहेर आला की आपणच काढायचा, दुसऱ्याचा बिल्ला कोणी काढायचा नाही. एकही बिल्ला टांगलेला असला तर लिफ्ट चालू करायची नाही, मग खाली राजा उभा असो. चालू करण्याआधी वरून तीनदा हाक मारायची, आत कोणी आहे का, असाल तर आवाज द्या, आणि प्रत्येक हाकेनंतर गप्प उभं राहून ऐकायचं. "हाक मारणं सोपं असतं," उस्ताद म्हणायचा, "ऐकायला थांबत नाही कोणी." एकदा त्याच्या हाताखालचा एक जण बिल्ला काढायचा विसरून घरी गेला. चौदा मजल्यांची इमारत दुसऱ्या दिवसापर्यंत जिने चढली, लोकांनी याला शिव्या घातल्या, तरी याने स्विचला हात लावला नाही. ती म्हणाली होती, "अहो, पण आत कोणी नव्हतंच ना?" तो म्हणाला होता, "ते आज कळलं. काल काय माहीत?"

उतरताना तो पुढे झाला आणि तिसऱ्या वळणावर थांबला. का थांबला ते त्याला थांबल्यावर कळलं. बाहेर कुठेही गेलं की तो पुढे चालायचा आणि ती मागे राहायची. चपलेत खडा गेला, दुकानात काहीतरी दिसलं, ओळखीचं माणूस भेटलं, तिला कारण लागायचंच. तो वळणावर जाऊन उभा राहायचा, मागे न बघता. तिच्या चपलेचा आवाज, डावीचा जरा फरफटता, जवळ आला की पुन्हा चालायला लागायचा. इतक्या वर्षांत तो कधी मागे वळला नव्हता. यावरून ती चिडायची. "एखाद्या दिवशी मी मागे नसले तर घरी पोचल्यावर कळेल तुम्हाला." आता मागून बरीच पावलं येत होती. बूट, सॅंडल, मास्तरांची काठी. त्यांत एक डाव्या पायाने फरफटत येणारं पाऊल होतं. पट्टा बांधलेल्या बाईचं असणार, हे त्याला माहीत होतं. तो वळला नाही. पाऊल जवळ आलं तेव्हा तो चालायला लागला.

जुन्या बंदरात एक दगडी वखार होती आणि धक्क्यावर माल उचलायच्या यारीचं हाताने फिरवायचं मोठं चाक. मास्तरांनी त्यावर बरंच काही सांगितलं. तो ऐकत होता आणि मनात वाक्य जुळवत होता. ताई, एक सांगायचंय. हे बरं नव्हतं, कारण असं म्हटल्यावर माणूस लगेच घाबरतं. ताई, दोन महिन्यांपूर्वी. हे आणखी वाईट, कारण मग दोन महिने तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, हेच ती आधी धरेल. ताई, ती गेली. तो हे मनात म्हणायचा आणि त्याला स्वतःलाच ते खोटं वाटायचं, कुठे गेली, असं विचारावंसं वाटायचं. धक्क्याखाली पाणी दगडांच्या फटींत शिरून बाहेर येताना आवाज करत होतं. शिट्टी झाली. "आपापलं माणूस आहे का?" "आहे," तो म्हणाला, या वेळी सगळ्यांच्या जरा आधी.

ताईचं घर चौकातच, दुसऱ्या मजल्यावर. गाडी बरोबर समोर थांबली. दार उघडंच होतं, ताई खुर्चीत बसली होती, अंगाने निम्मी झालेली, पण डोळे तेच. "या! ती कुठे आहे?" जिना चढून त्याला धाप लागली होती. वाक्य तयार होतं, तोंड उघडलं होतं. "गाडीत आहे," तो म्हणाला. "पाय दुखतायत तिचे. दीपगृह चढलो ना, एकशे अडुसष्ट पायऱ्या."

"बघा! दीपगृह चढता येतं, बहिणीचे दोन जिने चढता येत नाहीत. मी मरता मरता वाचले आणि ही खाली गाडीत बसते!" ताई हात टेकून उठायला लागली. तो म्हणाला, "ताई, उठू नका." "का नको? डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. मला खिडकीपर्यंत न्या. मी इथूनच तिची खरडपट्टी काढते." त्याने तिला दंडाला धरून खिडकीशी नेलं. दंड म्हणजे नुसतं हाड होतं, आणि त्या हाडाचा आकार त्याच्या हाताला माहीत होता. दोघी बहिणींचे दंड सारखे होते. खाली गाडी उभी होती, काचांवर ऊन. ताईने हात हलवला, जोरात, लहान मुलीसारखा. आणि गाडीच्या मधल्या एका काचेमागून कोणीतरी हात हलवला.

 ती खिडकी अठरा नंबरची होती. काचेवरच्या उजेडामागे एक डोकं, एक खांदा, एक हात, बस्स. हात थोडा वेळ हलत राहिला, मग खाली गेला. "केला बाई हात," ताई म्हणाली. तिचा राग उतरला होता. "किती बारीक झाली हो. खातेपिते ना नीट? का तुमच्यामागे धावण्यातच जातं सगळं?" तो म्हणाला, "खाते." ताई खुर्चीत परत बसली आणि दम खात राहिली. मग तिने चहा करायला लावला, त्यानेच केला, तिच्या सांगण्यावरून डबे शोधत. ताई बोलत होती. लहानपणी ही विहिरीच्या काठावर बसायची आणि मी हाका मारल्या तरी मुद्दाम ओ द्यायची नाही, मी रडायला लागले की मागून येऊन डोळे धरायची. अजून तश्शीच आहे. "तिला म्हणावं, ताई रुसलीय. म्हणावं, पुढच्या वेळी पाय दुखोत नाहीतर तुटोत, वर यायचं. सांगाल ना?" तो म्हणाला, "सांगतो." खाली शिट्टी वाजली. पन्नास मिनिटं संपली होती. जिना उतरताना तो वळणावर थांबला नाही, जवळजवळ धावला, आणि गाडीत चढून अठरा नंबरकडे बघेपर्यंत त्याने श्वास घेतला नाही. तिथे पट्टा बांधलेली बाई बसली होती. ती उठत म्हणाली, "माझ्या बाजूला ऊन येत होतं हो, म्हणून जरा बसले इथे. वरच्या खिडकीतून एक म्हाताऱ्या बाई हात करत होत्या, मग मीही केला. बिचाऱ्या कोणाची तरी वाट बघत असतील." ती आपल्या जागी गेली. सीट उबदार होती. त्याने तिच्यावर हात ठेवला आणि ती गार होईपर्यंत ठेवून दिला.

समुद्रातल्या किल्ल्याला दगडी वाट होती, भरती आली की ती पाण्याखाली जायची. तिच्या तोंडाशी रखवालदाराची चौकी. तो खाकी कपड्यातला, पान उलटताना बोट ओलं करणारा शिस्तीचा माणूस होता. "किती?" त्याने विचारलं. गाईडने कागद बघून सांगितलं, "बेचाळीस." त्याने वहीत लिहिलं. "साडेचारला शेवटचा माणूस बाहेर. पाणी माझं ऐकत नाही." आत तुटलेल्या तटबंद्या, गवत, मधे पाण्याचं टाकं, दारूगोळ्याचं कोठार. तो सगळ्यांबरोबर फिरला. काय पाहिलं ते नंतर त्याला सांगता आलं नसतं. सव्वाचारला लोक परतायला लागले, रखवालदार वाटेच्या तोंडाशी उभा राहून हातातलं मोजायचं यंत्र दाबत होता. शेवटी गाईड आली. त्याने यंत्र बघितलं, वही बघितली. "एक्केचाळीस. एक माणूस कमी आहे."

गाईडने पुन्हा मोजलं. एक्केचाळीस. पट्टेवाल्या बाईचा नवरा म्हणाला, "हिला दोनदा मोजा, जुळेल." या वेळी कोणी हसलं नाही. पाणी वाटेच्या कडेच्या दगडांवर चढायला लागलं होतं. कोणीतरी म्हणालं, चूक झाली असेल मोजण्यात, निघू या, अंधार व्हायच्या आत पोचायचंय. आणि तो पुढे झाला. "नाही," तो म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याचा आवाज मोठा निघाला, सगळे वळले. "आत गेलेलं माणूस बाहेर आल्याशिवाय हलायचं नाही. आत गेले बेचाळीस, तर बाहेर आले पाहिजेत बेचाळीस. चूक झाली असेल म्हणून कोणाला मागे सोडून जायचं नसतं." मास्तर म्हणाले, "बरोबर बोलतायत हे." रखवालदाराने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माणूस कामाचा आहे हे ओळखून म्हणाला, "या माझ्याबरोबर. पंधरा मिनिटं आहेत आपल्याकडे. तुम्ही डावीकडचं बघा, मी बुरूज बघतो."

तो जवळजवळ पळतच परत गेला. कित्येक दिवसांनी त्याचं अंग हलकं झालं होतं, काय करायचं ते माहीत होतं. कोठाराच्या दारात उभं राहून त्याने हाक मारली, "आत कोणी आहे का? असाल तर आवाज द्या!" आणि थांबला. कान देऊन ऐकलं. पुन्हा हाक, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा. मग पुढची खोली. चालता चालता तो विचार करत होता, कोण असेल? तरणं माणूस नसणार, तरणी माणसं मागे राहत नाहीत. बाईमाणूस असेल. वय झालेली. चपलेत वाळू गेली म्हणून कुठेतरी दगडावर बसली असेल, एक चप्पल हातात धरून झटकत असेल, आणि हाक ऐकू आली तरी मुद्दाम ओ देत नसेल. बसली असेल आणि मनात म्हणत असेल, बघू तरी, मागे वळून शोधायला येतात का. टाक्याच्या काठाशी तो वाकला. खाली हिरवं, काळं पाणी होतं. "आत कोणी आहे का?" आवाज पाण्यावर जाऊन परत आला. पुन्हा हाक, पुन्हा तसंच. मग सगळं शांत झालं. त्या शांततेत त्याने जे ऐकायला कान दिला होता ते डाव्या पायाने फरफटत येणारं पाऊल होतं, आणि आपण कोणाला शोधतोय ते त्याला कळलं. सतरा आणि अठरा. तिकीट खिडकीवरचे दोन, कागदावरच्या दोन खुणा, वहीतले बेचाळीस. तिला आत आणलं होतं ते त्यानेच. तो वाकलेलाच राहिला. तिसरी हाक राहिली होती. नियमाप्रमाणे ती मारायला हवी होती. त्याने ती मारली, हळू, आणि पूर्वी कधी थांबला नव्हता इतका वेळ ऐकत उभा राहिला. मागून रखवालदार ओरडला, "चला! पाणी आलं!"

परत येताना वाटेवर घोट्यापर्यंत पाणी होतं. पलीकडे गाईड कागद हातात घेऊन एकेक नंबर पुकारत होती आणि लोक हात वर करत होते. तो बाहेर आला तेव्हा ती पंधरावर होती. सोळा. "सतरा?" त्याने हात वर केला. "अठरा?" एकही हात वर झाला नाही. पट्टेवाली बाई घाईघाईने म्हणाली, "मी नाही हं, मी बारा. मी नुसती बसले होते." गाईडने मान वर केली. "सतरा-अठरा तुमची तिकिटं. दोन दिलीत तुम्ही. तुमच्याबरोबर कोण होतं?"

"बायको," तो म्हणाला.

सगळीकडे एकदम आवाज झाला. "अरे देवा, बायको यांचीच!" मास्तरांनी त्याचा दंड धरला. "आत आहेत का त्या? कुठे पाहिलंत शेवटचं?" रखवालदाराने पुन्हा बूट काढायला घेतले, पाणी आता दगडांवरून सरळ वाहत होतं आणि तो त्यात उतरणार होता. एक परका माणूस त्याच्यामुळे पाण्यात उतरणार होता. सांगायची हीच वेळ होती. दोन शब्द. सगळी माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि त्यांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर ते आधीपासून माहीत असल्याची खूण नव्हती. "आत नाही ती," तो म्हणाला. "मधे गावात उतरली. तिच्या ताईकडे. ती राहणार आहे तिथे."

मग जे व्हायचं ते झालं. "अहो, मग आधी बोलायचं ना!" "आणि हेच म्हणे, माणूस आल्याशिवाय हलायचं नाही!" "आमचा जीव टांगणीला लावला!" पट्टेवाल्या बाईचा नवरा म्हणाला, "बायको कुठे उतरली तेही लक्षात नाही! नशीबवान आहात."  रखवालदाराने मात्र बूट घातले, वही आणली, बेचाळीसच्या पुढे काहीतरी लिहिलं आणि पेन याच्या हातात दिलं. एक व्यक्ती आत गेलीच नव्हती, असं लिहिलं होतं. त्याने ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली.

गाडी निघाली तेव्हा ऊन तिरकं झालं होतं. त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं. थोड्या वेळाने गाईड येऊन शेजारच्या बाकाला टेकून उभी राहिली. तिचा राग गेला होता, किंवा दमली होती. "परत जाताना आपण बाहेरच्या रस्त्याने जातो," ती म्हणाली, "पण तुम्ही म्हणाल तर गाडी चौकातून घेते, दोनच मिनिटं लागतील. तुम्हीही उतरा ना त्यांच्याकडे. एकट्याने कशाला घरी जायचं? उद्या दोघं मिळून या." तो खिडकीबाहेर बघत होता. दूरवर गावाची घरं दिसायला लागली होती. भाचा आता बंदरावरून निघाला असेल, दिवसभर फोनची वाट बघून. दार उघडून तो आधी आईच्या चेहऱ्याकडे बघेल. ताई म्हणेल, अरे, मावशी आली होती, खालूनच हात करून गेली बघ. भाचा दारातच उभा राहील. आणि ताई म्हणेल, असा काय बघतोस?

"साहेब?" गाईड म्हणाली. "काय करायचं? आत्ताच सांगा, पुढे वळता येत नाही."

"नको," तो म्हणाला. "सकाळी कामावर जायचंय."

तिने ड्रायव्हरला हाताने खूण केली. कागद गुडघ्यावर धरून तिने अठरा नंबरवर आडवी रेघ मारली, आणि गाडी बाहेरच्या रस्त्याला लागली. ताईला सांगायचं राहिलं होतं.